दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर पहिल्याचा अपमान होत नाही

मंडळी, माझी जाऊबाई रिंग रोडच्या मार्केटात एका साडीसाठी सात दुकानं हिंडते. पदर उलटा करून बघते, काठ चुरगाळून बघते, रंग जाईल का म्हणून दुकानदाराचं डोकं खाते. तीच जाऊबाई दाताच्या डॉक्टरनं "रूट कॅनाल करावं लागेल" म्हटलं की मान डोलावते आणि पर्स उघडते. मी हसत नाहीये तिला. मीपण तशीच होते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माझ्या खालच्या उजव्या दाढेत कीड निघाली. उधन्यातल्या एका दवाखान्यात फिलिंग करून घेतलं. दाताच्या रंगाचं, दिसायला छान. पण त्या रात्री भाकरीचा पहिला घास चावला आणि कळ थेट कानापर्यंत गेली. थंड पाणीही लागायचं. आठ-दहा दिवस थांबले, मग परत गेले. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, "फिलिंग एकदम सरस छे बेन, टेव पडी जशे." सवय होईल म्हणे!

महिना गेला, सवय काही झाली नाही. मी सगळं डावीकडूनच चावायला लागले. रात्री जीभ सारखी त्याच दाढेवर. मनात नको नको ते यायचं. आत कीड तशीच राहिली असेल का? माल हलका वापरला असेल का? घरचे म्हणाले, "डॉक्टरवर भरवसा ठेव, सारखी शंका काढू नको."

त्या शब्दांनी मला नाना आठवले. माझे वडील. १९८० च्या सुमारास अमळनेरकडून गाडीत बसून सुरतेला आले, ते लूमच्या खडखडाटातच म्हातारे झाले. दाढ दुखली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "काढून टाका." दाढ वाचवायची तर दोन-तीन खेपा, म्हणजे दोन-तीन खाडे, म्हणजे तेवढा पगार गेला. काढायची तर एकाच खेपेत काम. अशा एकेक करत नानांच्या सगळ्या दाढा गेल्या. साठीच्या आतच कळण्याची भाकर दुधात कुस्करून खायची वेळ आली. त्यांचं दात काढणं गरिबीमुळं होतं, हे मला समजतं. पण एक गोष्ट अजून टोचते. इतक्या वर्षांत "ही दाढ वाचेल का हो?" हा एक प्रश्न आमच्या घरात कोणी कुठल्या डॉक्टरला विचारला नाही. माय म्हणायची, "डॉक्टरले काय सांगानं? त्यालेच मालूम ऱ्हास."

म्हणून मी दुसरीकडे गेले. काचेचे दरवाजे, एसी, मोठा टीव्ही. त्यांनी दहा मिनिटांत चार दात खराब असल्याचं सांगितलं. दुखणाऱ्या दाढेचं रूट कॅनाल, दोन कॅप, बाकीचं वेगळं. आकडा अडतीस हजार. "आजच सुरू करू," म्हणाले. माझे हातपाय गार पडले. "घरी विचारून सांगते," म्हणून उठले.

तिसऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, "दुखतं कधी? चावताना, की रात्री आपोआप?" मी म्हटलं, चावतानाच. त्यांनी दातांमध्ये निळा कागद ठेवला आणि चावायला सांगितलं. फिलिंगवर एका जागी गडद ठिपका उमटला. "फिलिंग चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "जरा उंच राहिलंय. खाटेचा एक पाय लांब असला की सगळं वजन त्याच पायावर येतं ना, तसं झालंय." दोन मिनिटं घासलं, परत कागद, परत घासलं. संपलं. चारेक दिवसांत मी उजवीकडून शेंगदाणे खात होते.

इथं थांबले असते तर "पहिला अडाणी, दुसरा लुटारू" अशी सोपी गोष्ट झाली असती. पण बाईंनी एक्स-रेसुद्धा काढला. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या चार दातांपैकी एका दातात, दोन दातांच्या फटीत, खरंच कीड होती. वरून दिसत नव्हती, एक्स-रेतच कळली. दोन दातांवरच्या काळ्या रेषा बाईंच्या मते नुसते डाग होते, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचं काम वाईट नव्हतं, परत गेल्यावर त्यांनी नीट तपासलं नाही. दुसऱ्यांचंही सगळंच खोटं नव्हतं.

हे फक्त आपल्या सुरतेत होतं असंही नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत रीडर्स डायजेस्टच्या एका पत्रकारानं तेच दात ५० डेंटिस्टना दाखवले. कोणी ५०० डॉलरच्या आत खर्च सांगितला, कोणी जवळपास ३०,००० डॉलर! यात हाव असते, नाही कसं म्हणू? पण प्रामाणिक मतभेदही असतो. कीड अगदी सुरुवातीची असेल तर एक डॉक्टर म्हणतो फ्लोराइड लावू, लक्ष ठेवू. दुसरा म्हणतो आताच कोरून भरू. आणि एकदा कोरलेला दात पुन्हा उगवत नाही. म्हणूनच कोरण्याआधी विचारायचं.

दुसरं मत घेणं हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, तिच्यात दुसरं मत घेण्याचा आणि आपले कागद, रिपोर्ट मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तेव्हा एक्स-रे मागताना चोरी केल्यासारखं तोंड करू नका.

पण मंडळी, दुसरं मत म्हणजे भाव काढत फिरणं नव्हे. सगळ्यात स्वस्त सांगणारा बरोबरच असतो असं नाही. काही जण मनासारखं उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलतात, तोवर दाढ हातची जाते. रात्री आपोआप ठणका लागतो, गाल सुजतो, पू येतो, ताप येतो, तेव्हा आधी इलाज, चर्चा नंतर. आणि उलटंही खरं. नव्या फिलिंगनंतर काही दिवस थंड लागणं साधी गोष्ट आहे, लगेच घाबरू नका. चावताना कळ येत असेल तर त्याच डॉक्टरला स्पष्ट सांगा, "उंच वाटतंय, कागद ठेवून बघा." निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

चांदीच्या फिलिंगचंही तसंच. त्यात पारा असतो हे खरं. युरोपियन युनियननं २०२५ पासून ते जवळपास बंदच केलं. पण त्यात पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्याची काळजी मोठी आहे. तोंडातलं जुनं, शाबूत फिलिंग नुसत्या भीतीपोटी उकरून काढायचं नसतं. उकरताना पाऱ्याची वाफ निघते आणि चांगला दातही थोडा जातो. कोणी "सगळी चांदी काढून टाकू" म्हणालं, तर दुसरं मत घ्यायची हीच वेळ.

मी आता चारच गोष्टी विचारते. एक्स-रेत नेमकं काय दिसतंय ते मला दाखवाल का? आज केलं नाही तर काय होईल? याहून कमी काही करता येईल का? खर्च लिहून द्याल का? आणि दवाखान्यात शिरताना बोर्डावरची डिग्री आणि नोंदणी नंबर बघते. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्यानं अर्धं उत्तर तिथंच दिलं. खाजगी परवडत नसेल तर आपल्या नव्या सिव्हिलमध्ये आणि स्मीमेरमध्ये दातांचा विभाग आहे. रांग असते, पण दुसरं मत तिथंही मिळतं.

गेल्या महिन्यात माझा भाचा आला. लिंबायतला एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर काम करतो. गाल धरून म्हणाला, "आत्या, दाढ काढायला सांगितलीय. उद्या काढून टाकतो, परवा कामावर." मी म्हटलं, एक्स-रे काढला का? नाही म्हणाला. नाना खाटेवर पडले होते, झोपले असतील असं वाटलं मला. पडल्या पडल्याच म्हणाले,

"आधी इचारी ले रे भाऊ, वाची का ती."