अकालज जरा आणि जव्हार-मोखाड्याची स्त्री

सुश्रुताचार्यांनी जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आहे. क्षुधा, तृष्णा, निद्रा आणि मृत्यू यांच्या पंक्तीत तिला स्थान दिले आहे. मात्र त्याच ठिकाणी त्यांनी एक मार्मिक भेद केला आहे. योग्य परिरक्षण होऊनही यथाकाल येणारी ती कालज आणि परिरक्षणाच्या अभावी अवेळी येणारी ती अकालज. शार्ङ्गधरांनीही दशकागणिक होणारा ऱ्हास सांगताना छवी व त्वचा यांचा क्रम दिला आहे. या विवेचनांत स्त्रीसाठी निराळा नियम नाही. तो समाजाने केला. पुरुषाचे पिकलेले केस अनुभवाचे द्योतक ठरतात आणि स्त्रीचे मात्र रूप सरल्याचे.

शहरातील वैद्यकव्यवसायात या दृष्टीला मोठी बाजारपेठ लाभली आहे. वयःस्थापन गणाचे नाव घेऊन मुखलेप विकले जातात. चरकाचार्यांच्या त्या दशेमानीत गुडूची, हरीतकी, आमलकी, पुनर्नवा आहेत. त्यांचे प्रयोजन वय टिकविणे हे आहे, वय लपविणे नव्हे. २०२० मध्ये एका प्रसिद्ध गोरेपणाच्या मलमाने आपल्या नावातून ‘फेअर’ हा शब्द वगळला. पुड्या मात्र आठवडी बाजारात पूर्वीप्रमाणेच लटकलेल्या दिसतात, जव्हारच्याही.

प्रस्तुत लेखकाला जव्हार व मोखाडा तालुक्यांतील स्त्रीरुग्णांविषयी लिहावयाचे आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला, त्यापूर्वी हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे येथील कुपोषण महाराष्ट्राला ठाऊक झाले. परंतु त्या बालकांच्या मातांचे पुढे काय होते, याची चर्चा क्वचितच होते. अल्पवयात विवाह, लागोपाठ बाळंतपणे, दसरा-दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे. मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच मोखाड्यात बाया विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. अशा स्त्रीच्या मुखावर पस्तिशीतच वली उमटतात. ही अकालज जरा होय. तिचा हेतू निसर्ग नसून अपरिरक्षण आहे.

आणि येथेच रूपाकडे पाहण्याची समाजाची सवय दवाखान्यात शिरते. जन्मतारीख ठाऊक नसते, म्हणून केसपेपरवर चेहरा पाहून वय लिहिले जाते: ‘अंदाजे ५०’. थोरल्या लेकराचे वय विचारले असता हिशेब छत्तीस-सदतिसावर येतो. पण एकदा पन्नास लिहिले की रजःप्रवृत्तीचा प्रश्न विचारला जात नाही, थकवा व कंबरदुखी ‘वयोमानानुसार’ ठरते आणि बाई हातात वेदनाशामक गोळ्या घेऊन पाड्यावर परतते. अत्यार्तवातून झालेला पांडू तसाच राहतो. ‘अंग बाहेर येते’ ही तक्रार तर ती आपणहून सांगतच नाही. म्हातारीने असले काय सांगावे, अशी तिचीच समजूत करून दिलेली असते.

पाड्यावरील जीवनात वृद्धेला मान नाही, असे मात्र नव्हे. वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी स्त्रीच असते आणि तिच्या मुखातील गीतांपुढे तिच्या रूपाचा विचार कोणी करीत नाही. तरीही याचे काव्य करू नये. एकट्या, खंगलेल्या वृद्धेवर ‘भुताळी’ म्हणून संशय घेणेही याच मुलखातले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरविला आहे, पण खोल गेलेले डोळे व सुकलेला देह हे अनेकदा केवळ उपेक्षित पांडूचे किंवा राजयक्ष्म्याचे लक्षण असते, हे गावाला समजावून सांगणे वैद्याचेच काम आहे.

आपल्या संघटनेच्या सभासदांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. वय चेहऱ्यावरून लिहू नये. थोरल्या अपत्यावरून काढावे. पन्नाशीपर्यंत प्रत्येक स्त्रीला आर्तवाविषयी विचारावे. पांडूत पुनर्नवा मंडूर वा धात्री लोह देण्यापूर्वी हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, कारण आदिवासी पट्ट्यात तो आजार आहे आणि तेथे सरसकट लोहकल्प देणे योग्य नाही. नाचणी व उडीद घरात असतील तर ते बाजारात विकून टाकण्याआधी तिच्या ताटात पडावेत, हे नवऱ्याला बसवून सांगावे. राहिला शिबिरांचा प्रश्न. ती आपण बहुधा हिवाळ्यात, आपल्या सोयीने घेतो. त्या वेळी निम्मा पाडा भिवंडी-वसईच्या भट्ट्यांवर असतो. भाताची लावणी आटोपल्यावर, श्रावण-भाद्रपदात जावे. तेव्हा बाया घरी भेटतात.