मिळविलेला मान मागून घ्या

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाने, निवृत्तीला दहा-वीस वर्षे लोटल्यावर, आपले राहून गेलेले पदक सरकारकडे मागावे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. ज्याची नोकरी संपली, ज्याचा गणवेश पेटीच्या तळाशी गेला, त्याने आता धातूच्या एका चकतीसाठी अर्ज लिहीत बसावे, हे पुष्कळांना विचित्र वाटते. घरातली माणसेच म्हणतात, 'आता ते मिळून काय उपयोग?' आमचे उत्तर स्पष्ट आहे. मागावे, अवश्य मागावे. आणि जे मागावयाचे ते हयातीत मागावे.

ही अडचण राखीव सेवेतील सैनिकांना विशेष भोगावी लागते. आपल्या देशातील प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्याने स्थापन झाली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. तिच्यातील माणूस एरवी रेल्वेत, कारखान्यात किंवा कचेरीत आपली नोकरी करतो, ठरल्या वेळी शिक्षणास जातो, बोलावणे आले की गणवेश चढवितो आणि काम संपले की पुन्हा आपल्या नोकरीवर रुजू होतो. त्याची सेवा अशी तुकड्यातुकड्यांनी झालेली असते, म्हणून तिच्या नोंदीही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या असतात. काही पलटणीत, काही अभिलेख कार्यालयात, काही नोकरीच्या ठिकाणी. ज्या अधिकाऱ्याने शिफारस करावयाची तो बदलून जातो. नियमित सैनिकाची आठवण ठेवणारी छावणी असते. राखीव सैनिकाची आठवण ठेवणारे बहुधा त्याचे कुटुंबच असते.

पदकांचे दोन प्रकार आहेत, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. पहिला प्रकार सेवेच्या पदकांचा. प्रादेशिक सेनेतील जवानांस व कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांस बारा वर्षांच्या सेवेबद्दल पदक देण्याची तरतूद आहे. अधिकाऱ्यांसाठी वीस वर्षांच्या सेवेचे मानचिन्ह आहे. येथे वर्षे मोजावयाची, शिक्षणाच्या हजेऱ्या मोजावयाच्या व शेरे पाहावयाचे. अटी पुऱ्या झाल्या असतील तर पदक राहून जाणे ही कचेरीची चूक ठरते, व चूक दुरुस्त करून मागणे यात कसलाही कमीपणा नाही. दुसरा प्रकार शौर्याच्या पदकांचा. तेथे वर्षे मोजून भागत नाही. कोणीतरी पाहिलेले असावे लागते, कोणीतरी लिहिलेले असावे लागते, आणि ते लिहिलेले वरपर्यंत पोहोचलेले असावे लागते. या तीन पायऱ्यांपैकी एकही पायरी ढासळली की शूराचे शौर्य त्याच्या मनातच राहते.

आता काही जण विचारतील, समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी पदकांचा सोस कशाला धरावा? याचे उत्तर भारताच्या संविधानातच आहे. अनुच्छेद १८ ने राज्याकडून किताब देण्याची प्रथा बंद केली. रावबहादूर, सर, खानबहादूर या पदव्यांचा काळ संपला. परंतु त्याच अनुच्छेदाने दोन गोष्टी वगळल्या : सैनिकी मानचिन्ह आणि विद्याविषयक मानचिन्ह. हा भेद फार महत्त्वाचा आहे. किताब सत्ताधाऱ्याच्या मर्जीने मिळत असे. विद्येची पदवी व रणांगणावरील पदक ही मात्र माणसाने स्वतः केलेल्या कृतीची नोंद होय. ज्यांना शतकानुशतके जन्मावरून मोजण्यात आले, त्यांना कृतीवरून मोजणाऱ्या या दोन चिन्हांचे मोल दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नोंद न झाल्याने काय होते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय सैनिकांचा इतिहास वाचावा. हेन्री जॉन्सन हा आल्बनीच्या रेल्वे स्थानकावर प्रवाशांचे सामान वाहणारा हमाल. १९१७ च्या जूनमध्ये तो न्यूयॉर्कच्या पंधराव्या पलटणीत भरती झाला. ही पलटण नॅशनल गार्डची, म्हणजे आपल्या प्रादेशिक सेनेच्या जातीची, आणि कृष्णवर्णीय शिपायांची. पुढे तिला ३६९ वी पलटण असे नाव मिळाले. तिला फ्रान्सला पाठविण्यात आले व फ्रेंच सेनेच्या हाताखाली देण्यात आले. १९१८ च्या मे महिन्यात आर्गॉनच्या परिसरात एका रात्री जॉन्सन व त्याचा सोबती नीडहॅम रॉबर्ट्स हे दोघे पहाऱ्यावर असता जर्मनांच्या निदान बारा जणांच्या टोळीने त्यांच्यावर छापा घातला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. शत्रू त्याला ओढून नेऊ लागला, तेव्हा जॉन्सनने बंदूक चालेनाशी झाल्यावर सुरा हाती घेतला व सोबत्याला सोडविले. त्याच्या अंगावर एकवीस जखमा झाल्या.

फ्रेंच सरकारने या दोघांना 'क्रॉ द गेर' हे आपले युद्धपदक दिले. ज्या देशासाठी तो लढला त्या देशाने मात्र काही दिले नाही. सेवामुक्तीच्या कागदांवर त्याच्या जखमांचा उल्लेखही नव्हता. जखमांमुळे पूर्वीची हमाली त्याला पुन्हा करता आली नाही. १९२९ मध्ये तो वारला. त्यानंतर ६७ वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याला जखमी सैनिकाचे 'पर्पल हार्ट' मिळाले. २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. आणि २ जून २०१५ रोजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च पदक जाहीर समारंभात दिले. पदक स्वीकारावयास त्याचे कोणी रक्ताचे माणूस सापडले नाही. न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका ज्येष्ठ सैनिकाने ते हाती घेतले. पदक आले, पण ज्याच्या छातीवर ते शोभावयाचे तो जाऊन ८६ वर्षे झाली होती.

हे शेवटी साधले कसे? दयेने नव्हे. १९१८ साली सेनापती पर्शिंग यांनी त्या झुंजीविषयी पाठविलेले टिपण व तत्कालीन सैनिकांची पत्रे शोधून काढण्यात आली. त्यांच्या आधारे हजाराहून अधिक पानांची विनंती सरकारपुढे ठेवण्यात आली. पर्शिंग यांचा कागद नव्वदांहून अधिक वर्षे दप्तरात होता. तो मागणारा कोणी नव्हता, म्हणून तो मुका होता.

हा एका माणसाचा अपघात होता असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक अमेरिकेच्या गणवेशात होते. तथापि त्या युद्धाबद्दल त्या काळी त्यांच्यापैकी एकालाही 'मेडल ऑफ ऑनर' मिळाले नाही. १९९३ मध्ये अमेरिकन सैन्याने शॉ विद्यापीठाकडे याची चौकशी सोपविली. अभ्यासकांना दिसले ते असे की, या सैनिकांच्या शिफारशीच वरपर्यंत गेल्या नव्हत्या. वर्णभेदाच्या वातावरणाने त्या खालीच अडविल्या होत्या. अखेर १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना हे पदक देण्यात आले. सातांपैकी सहा जण हयात नव्हते. एकटे व्हर्नन बेकर, १९४५ च्या एप्रिलमध्ये इटलीत लढलेले, वयाच्या ७७ व्या वर्षी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ते घेऊ शकले.

पॅरिस डेव्हिस यांची कथा आणखी बोधप्रद आहे. १९६५ च्या जूनमध्ये व्हिएतनाममधील बाँगसन येथे कॅप्टन डेव्हिस यांनी स्वतः जखमी असता आपल्या जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढले. वरिष्ठांनी सर्वोच्च पदकाची शिफारस केली, ती हरवली. पुन्हा केली, तीही हरवली. एकच कागद दोनदा हरवतो तेव्हा त्याला योगायोग म्हणण्यास मन धजत नाही. परंतु त्यांचे जुने सोबती व काही स्वयंसेवक स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी साक्षी गोळा केल्या, प्रकरण नव्याने उभे केले. आणि ३ मार्च २०२३ रोजी, ५७ वर्षांनंतर, डेव्हिस यांनी ते पदक स्वतः स्वीकारले.

वेव्हर्ली वुडसन हे सैनिकी शुश्रूषक मात्र इतके भाग्यवान नव्हते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर स्वतः जखमी असता त्यांनी तासन्‌तास इतरांची शुश्रूषा केली. २००५ मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या वृद्ध पत्नीने चिकाटीने मागणी चालविली, आणि २०२४ मध्ये त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' मिळाला. १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुइस येथील दप्तरखान्याला मोठी आग लागली होती, व तीत सैनिकांची कोट्यवधी सेवापत्रे जळाली. त्यांत वुडसन यांचेही कागद गेले. सरकारी दप्तरही जळते. म्हणून घरातली नक्कल हाच पुष्कळदा अखेरचा पुरावा ठरतो.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांपैकी बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हा शब्द आहे. ती नावे दगडावर होती, म्हणूनच पुढे महारांची भरती बंद झाली तेव्हा 'आम्ही लढलो नाही काय?' असे विचारता आले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला, तो याच जोरावर. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, तीही मागणीच्या दीर्घ परंपरेनंतरच. नोंद आणि मागणी या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालल्या, तेव्हाच काही पदरात पडले.

म्हणून ज्या घरात निवृत्त सैनिक आहे, मग तो नियमित सेनेतील असो वा राखीव सेवेतील, त्या घरातील मुलामुलींना आमचे सांगणे आहे. वडिलांची, आजोबांची पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पलटणीचे आदेश, शिक्षणाला गेल्याचे दाखले, जखमेचे रुग्णालयातील कागद, जुनी पत्रे, छायाचित्रे हे सर्व तारखेप्रमाणे लावा व प्रत्येकाच्या दोन नकला काढा. कोणत्या सालात कोणत्या पलटणीत होतो, हे त्यांच्याच तोंडून विचारून लिहून घ्या. बरोबरीचे जे सोबती हयात असतील त्यांची निवेदने सहीनिशी घ्या. साक्षीदार आपल्या सोयीने थांबत नसतो. मग अभिलेख कार्यालयाकडे लेखी अर्ज करा व त्याची पोच जपून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे साहाय्य घ्या. उत्तर न आल्यास २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात केंद्र सरकारच्या कचेरीकडे माहिती मागता येते व तीस दिवसांत उत्तर देणे तिच्यावर बंधनकारक असते. त्यापुढे २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. अंतिम निर्णयानंतर सहा महिन्यांच्या आत तेथे जावयाचे असते. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास तो क्षमापित होऊ शकतो. मात्र तसे कारण दाखविण्याची पाळी स्वतःवर येऊ देऊ नये.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. अर्जात जेवढे घडले तेवढेच लिहा. ऐकीव पराक्रमाची भर घातली की खऱ्या पराक्रमावरचाही विश्वास उडतो. प्रत्येक अर्ज मान्य होईल असेही नाही. शौर्यपदक देणे वा न देणे हे सरकारच्या विचाराधीन असते, आणि उशिरा आलेल्या शिफारशीकडे ते कठोर नजरेने पाहते. परंतु नाकारण्याचे कारण लेखी मिळाले तरी ती पुढील पायरी होते. न मागितलेल्या गोष्टीला नकारसुद्धा मिळत नाही.

सरकारलाही आमचे एक सांगणे आहे. अटी पुऱ्या केलेल्या राखीव सैनिकाला त्याचे सेवापदक शोधत फिरावे लागू नये. निवृत्तीच्या दिवशी त्याच्या हाती जसा सेवामुक्तीचा कागद पडतो, तसाच त्याला देय असलेल्या पदकांचा हिशेबही पडावा. ज्या राज्याला सैनिकाच्या सुट्टीचा एकेक दिवस मोजता येतो, त्याला त्याच्या सेवेची बारा वर्षे मोजणे अवघड नाही.

आणि वाचकहो, 'आता काय उपयोग?' हा प्रश्न घरात पुन्हा निघाला, तर हेन्री जॉन्सनचे पदक परक्या हातांनी स्वीकारावे लागले हे सांगा. घरातला म्हातारा माणूस आज तुमच्यासमोर बसला आहे. त्याचा अर्ज या आठवड्यात लिहा.