अर्धा कोयता

दिवाळी सरली की बीडकडची ऊसतोड माणसे आमच्या बिद्रीच्या शिवारात कोप्या घालतात. साखर कारखानदारी काळाबरोबर बदलत नाही, असे कोण म्हणेल? मळीपासून इथेनॉल निघाले, चिपाडापासून वीज झाली, तोडणीला यंत्रही आले. बदलली नाही ती माणूस मोजण्याची रीत! नवराबायको मिळून एक 'कोयता'. म्हणजे बाई अर्धी. उचल देतो मुकादम, घेतो नवरा. आणि खाडा झाला की दंड दोघांना.

2019 साली सरकारी समितीने बीडमधल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांवर बायकांची गर्भाशये काढलेली निघाली! खाडा परवडत नाही, हेही त्यामागचे एक कारण. आणि आम्ही त्यांना अडाणी म्हणून मोकळे.

ऊस सभासदाचा, कारखाना सभासदांचा, तोडणारी मात्र मुकादमाची. छान सहकार! बाईचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर स्वतंत्र लिहा, मजुरी तिच्या हाती द्या, पाळीच्या दिवसांत दंडाविना रजा द्या. नवी यंत्रे घेण्याचे ठराव वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात. तिथे हा ठराव कोणी सभासद मांडील काय?