हरणाचा खिमा आणि उशिरा आलेला रिझल्ट

2018 सालचा नोव्हेंबर. आम्हाला मॅडिसनला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो आणि अर्धं ऑफिस भडक नारिंगी जॅकेट घालून जंगलात गायब होतं. (गणपतीत मुंबईतली ऑफिसं कशी ओस पडतात, तसंच समजा.) आमच्या शेजारी एक काका राहतात. इथे साठीच्या माणसालाही नावानेच हाक मारायची असते, पण माझ्या डोक्यात ते काकाच. त्यांनी हरीण मारलं आणि प्रेमाने किलोभर खिमा आणून दिला. मी मालवणी मसाला घालून झकास परतला. मी, बायको आणि चार वर्षांची लेक, तिघांनी ताटं चाटूनपुसून साफ केली.

दहा-बारा दिवसांनी काका दारात उभे. चेहरा पडलेला. म्हणाले, "टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. तुम्ही ते खाल्लं नाही ना अजून?"

कसली टेस्ट, हे मला त्या दिवशी कळलं. या रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, थोडक्यात सीडब्ल्यूडी. मॅड काउचा चुलतभाऊ म्हणा. 1967 मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला, 2002 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला, आणि आज अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आहे. कारण प्रायॉन, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रोटीन. ते शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही तशीच घडी घालायला लावतं आणि हळूहळू मेंदूची चाळण होते. व्हायरसला निदान सोर्स कोड तरी असतो, इथे तोही नाही! ना लस, ना औषध. कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, शिजवून ते मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नसतं. मातीत पडलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

माणसाला हा रोग झाल्याची एकही सिद्ध केस आजवर नाही. तरी पॉझिटिव्ह हरणाचं मटण खाऊ नका, असा सीडीसीचा स्पष्ट सल्ला आहे. डॉक्टरांनी आम्हाला तेवढंच सांगितलं. लेकीच्या ताटातले ते चार घास मात्र माझ्या डोक्यातून जाईनात. रात्री दोन-दोनपर्यंत वाचत बसायचो. त्या वाचनातच कळलं, की आमच्या घरापासून तासाभरावर या रोगाचा मोठा अभ्यास चालू आहे आणि हरणं पकडायला स्वयंसेवक लागतात. फेब्रुवारी 2019 मधल्या एका शनिवारी गेलो.

पहाटे पाचला, उणे पंधरा तापमानात, मक्याचे दाणे टाकून लावलेले जाळीचे पिंजरे तपासायचे. आमच्या गाडीत पंचविशीतली एक फील्ड टेक्निशियन होती. पिंजऱ्यात हरीण दिसताच ती आत शिरली, त्याला अंगाखाली दाबून धरलं, डोळ्यांवर पट्टी बांधली. मग घाईघाईने सगळं: कानात बिल्ला, गळ्यात जीपीएस कॉलर, वजन, आणि शेपटीखालून लिम्फ टिश्यूचा बारीकसा तुकडा. जिवंत हरणाची टेस्ट त्यावर होते. घाई अशासाठी, की फार वेळ धरून ठेवलं तर हरीण निव्वळ ताणाने मरू शकतं. माझं काम? बॅटरी धरणे आणि पायात न येणे :)

परतताना मी टिपिकल इंजिनियरी प्रश्न विचारला. एवढ्या कॉलर आहेत, उपग्रहावरून डेटा येतो, मग तुम्हाला बर्फात फिरावं का लागतं? हे ऑटोमेट का नाही करत?

ती म्हणाली, "हरीण काही तास हललं नाही, की कॉलर मला मेसेज करते. ते का मेलं, हे कॉलरला कळत नाही."

मंडळी, हे वाक्य मला चांगलंच झोंबलं. कारण ते 'का' शोधायला कोणीतरी चालत जावं लागतं. आणि लगेच जावं लागतं, नाहीतर कोल्ह्यासारखे कायोटी येऊन पुरावा खाऊन टाकतात. मग सुरा घेऊन बसायचं. गाडीची धडक, गोळी, कायोटी, की रोग? घशामागच्या लिम्फ नोड काढायच्या, मेंदूच्या देठाचा नमुना घ्यायचा. आणि या सगळ्याच्या आधी शेतकऱ्याचं दार वाजवायचं, कारण तिथली बहुतेक जमीन खासगी आहे. तिच्या मते कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. 2002 नंतर सरकारने रोग संपवायचा म्हणून त्या भागातली हरणं मोठ्या संख्येने मारायची मोहीम काढली होती आणि लोकांच्या विरोधामुळे पुढे ती गुंडाळावी लागली. त्यामुळे काही दारं धाडकन बंद होतात, काही ठिकाणी कॉफी मिळते.

आता माझा मुद्दा. हे करून नक्की काय मिळालं? रोग तर बरा होत नाही!

तर बघा. वर्षानुवर्षं लोक म्हणत होते, "हरणं तर ढिगाने दिसतात, कुठाय तुमचा रोग?" म्हणणाऱ्यांचं तसं चुकत नव्हतं. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष ठणठणीत दिसतं. आणि अशक्त झालेलं आपल्या नजरेला पडण्याआधीच गाडीखाली येतं किंवा कायोटीच्या तोंडी जातं. अभ्यासात हजाराच्या आसपास हरणांना कॉलर लावल्या आणि मेलेल्या एकेकाच्या मागे माणूस गेला, तेव्हा उत्तर मिळालं. निरोगी मादीची वर्षभर जगायची शक्यता 83 टक्के, लागण झालेलीची 41. नरांमध्ये 69 विरुद्ध 17. एका तक्त्यात मावणारे चार आकडे. त्यांच्यामागे चार हिवाळ्यांचा बर्फ आणि कितीतरी वाजवलेली दारं.

आपल्या धंद्यात या कामाला किंमत नाही. आपल्याला सोल्यूशन लागतं, तेही स्प्रिंट संपायच्या आत. जे काम काही दुरुस्त करत नाही, फक्त काय बिघडलंय ते नीट सांगतं, त्याला आपण 'मॅन्युअल' म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. त्या तक्त्यावर मॉडेल बांधणाऱ्याला कॉन्फरन्सची तिकिटं मिळतात. तक्ता भरणाऱ्यांची कामं मात्र अमेरिकेभर बहुतेक हंगामी आणि तासावर पैसे. सीझन संपला की दुसऱ्या राज्यात दुसरा प्राणी शोधा. रोग सावकाश, चिवटपणे पसरणार आणि त्याच्यावर नजर ठेवणारी माणसं दर सहा महिन्यांनी बदलणार, हे मला तरी साफ चुकीचं वाटतं. ज्या शेतकऱ्याने एकीवर विश्वास टाकून दार उघडलं, त्याने दरवर्षी नव्या चेहऱ्यावर का टाकावा? या नोकऱ्या कायमच्या हव्यात. प्रोडक्शन सर्व्हरचं मॉनिटरिंग आपण सुट्टीतल्या इंटर्नवर सोडतो का?

कोणी म्हणेल, औषध शोधणाऱ्यांना पैसे द्या की. जरूर द्या. पण उद्या औषध आलं, तर ते लागू पडतंय की नाही हेही शेवटी कोणीतरी बर्फात चालत जाऊनच सांगणार.

असो. काका अजूनही शिकार करतात. हरणाचं डोकं पिशवीत घालून, टॅग लावून टेस्टिंगच्या पेटीत टाकून येतात आणि मला खिमा देतात. आम्ही पाकिटावर तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवतो. रिझल्ट येईपर्यंत हात लावत नाही. लेक आता शाळेत जाते. मागच्या वर्षी तिने विचारलं, "बाबा, आपण थांबलोय कशासाठी?"

मी म्हटलं, "कोणीतरी तपासतंय ना, म्हणून." मग तिला त्या पहाटेच्या टेक्निशियन ताईची गोष्ट सांगितली.