लाख किलोमीटर आणि एक वळण

ओडोमीटरवरचा आकडा रायडरच्या कौशल्याचा पुरावा नसतो. आमचे बरेचसे वाचक लडाख करून आलेले आहेत, कोकण किनारा वरपासून खालपर्यंत फिरलेले आहेत, क्लबच्या राइडमध्ये लीड किंवा स्वीप म्हणून चालतात. नवखे रायडर त्यांनाच सल्ला विचारतात. वळण घेण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण कोणाला सर्वांत जास्त हवे असेल, तर ते या अनुभवी मंडळींना, असे आमचे ठाम मत आहे. आणि ते प्रशिक्षण घाटात मिळत नाही. ते ट्रॅकवर घ्यावे लागते.

रस्ता चूक दाखवत नाही, हे यामागचे साधे कारण आहे. ताम्हिणीतले एखादे वळण आपण चुकीच्या जागी गाडी झोपवून, मध्येच थ्रॉटल बंद करून, मधल्या पट्ट्याला चाटून पार करतो. समोरून एसटी आलेली नसते, म्हणून काहीच होत नाही. डोक्यात नोंद होते ती ‘वळण जमले’ अशी. पुढच्या खेपेला त्याच वळणावर खडी वेगळी, प्रकाश वेगळा, पुढे चाललेला टेम्पो वेगळा. दोन खेपांची तुलना होऊच शकत नाही. पाहणाराही कोणी नसतो, कारण मागचा मित्र स्वतःच्या वळणात गुंतलेला असतो. अशी दहा वर्षे गेली की चूक अंगवळणी पडते आणि आत्मविश्वास मात्र वाढलेला असतो. नवशिक्याला निदान भीती वाटते, आणि ती त्याला सावध ठेवते.

मोटरसायकल अपघातांचा आजवरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी केला. तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे अपघातांची त्यांच्या चमूने जागेवर जाऊन तपासणी केली. दुसरे वाहन गुंतलेले नाही अशा अपघातांत सुमारे दोन-तृतीयांश वेळा चूक रायडरचीच होती. ठरावीक चुका दोन : ब्रेक जास्त दाबून घसरणे, आणि वेग जास्त झाल्याने किंवा गाडी पुरेशी न झुकवल्याने वळणावर बाहेर फेकले जाणे. अपघातात सापडलेल्या रायडरांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आपल्याकडे वेगळे चित्र असण्याचे काहीच कारण दिसत नाही; आपणही बहुतेक जण मोठ्या भावाकडून किंवा कॉलेजच्या मित्राकडूनच गाडी शिकलो.

‘पुरेशी न झुकवल्याने’ हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. पन्नास मीटर त्रिज्येचे वळण धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाने ते घ्यायला गाडीला साधारण ३० अंश झुकावे लागते. वेग ७० केला तर तो कोन ३८ होतो, ८० केला तर ४५. टायरची रुंदी धरली तर प्रत्यक्षात यापेक्षाही थोडे जास्त. वेगातला दहाचा फरक सरळ रस्त्यावर जाणवतही नाही, पण वळणात तो सात-आठ अंशांचा असतो, कारण कोनाचे गणित वेगाच्या वर्गावर चालते. ४५ अंशांना टायरकडून गाडीच्या वजनाइतकी आडवी पकड मागावी लागते. पावसाळ्यानंतर खडी उखडलेल्या, डिझेल सांडलेल्या घाटात ती पकड गृहीत धरता येत नाही. ३८ अंशांपर्यंत मात्र आजची जवळपास कोणतीही बरी गाडी चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर शांतपणे जाते. म्हणजे वळणावर बाहेर गेलेल्या बऱ्याच रायडरांच्या गाडीत अजून क्षमता शिल्लक असते. संपलेली असते ती रायडरची तयारी. गाडी आणखी झुकेल यावर त्याचा विश्वास नसतो, कारण तिथपर्यंत तो पूर्वी कधी गेलेलाच नसतो.

नेमक्या त्या क्षणी शरीर काय करते, याचा पद्धतशीर विचार कीथ कोड यांनी केला. त्यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केले, १९८३ मध्ये ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ हे पुस्तक लिहिले आणि दहा वर्षांनी त्याचा दुसरा भाग आणला. दुसऱ्या भागाचा गाभा हा की घाबरलेला माणूस जीव वाचवण्यासाठी आपोआप जे करतो, ते मोटरसायकलवर बहुतेक वेळा उलटे पडते. थ्रॉटल झटकन बंद होतो. पकड आवळली जाते. नजर आखडते आणि ज्या कठड्याची भीती वाटते त्यावरच खिळते, मग गाडीही तिकडेच जाते. थ्रॉटल एकदम बंद केल्यावर पुढचे सस्पेन्शन दबते, जमिनीपासूनचे अंतर घटते, पुढच्या टायरवर अचानक भार येतो. आणि आवळलेले हात हँडलला हलू देत नाहीत, म्हणून गाडी आणखी झुकायला हवी तेव्हाच ती झुकत नाही. हे सगळे एका सेकंदाच्या आत घडते. एवढ्या वेळात विचार होत नाही. सवयीतले तेवढेच बाहेर येते. म्हणून पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून हे सुटत नाही. सवय सरावानेच बदलते.

ट्रॅकचा उपयोग इथे कळतो. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथला मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा ट्रॅक (पूर्वीचे नाव मद्रास मोटर रेस ट्रॅक) ३.७१७ किलोमीटर लांबीचा आहे आणि त्यात बारा वळणे आहेत. मध्यम वेगाने चालणाऱ्या शिकाऊ रायडरपुढे तेच वळण दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा येते. तेच डांबर, तीच त्रिज्या, समोरून कोणी येणार नाही, आणि कडेला किंवा मागच्या गाडीवर तुमच्याकडेच पाहणारा प्रशिक्षक. रियाजात एकच पलटा घोटून घेतात तसे एक वळण इथे घोटता येते. कीथ कोड यांची शाळा याच ट्रॅकवर भरत आली आहे, रेसर रजनी कृष्णन यांच्या अकादमीसारखे देशी पर्यायही आता आहेत, आणि कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवरही, २.१ किलोमीटरच्या छोट्या ट्रॅकवर, शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिल्या दिवशी काय करायला सांगतात, हे ऐकून अनेक जुने रायडर निराश होतात. पहिल्या सत्रात गिअर एकच, ब्रेक लावायचे नाहीत. वेग इतका ठेवायचा की ब्रेकची गरजच पडू नये. लक्ष फक्त थ्रॉटलवर : गाडी वळणात बसली की हलकेच उघडायचा आणि बाहेर पडेपर्यंत एकसारखा उघडत न्यायचा. स्थिर थ्रॉटलवर गाडी आपल्या सस्पेन्शनच्या मधल्या टप्प्यात राहते, दोन्ही टायरांवरचा भार बदलत नाही आणि ती आखून दिल्यासारखी लाइन धरते. ऐकायला सोपे आहे. पण तीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही आपण प्रत्येक वळणाच्या मध्यावर थ्रॉटल दोन-तीनदा मिटतो-उघडतो, हे इथे पहिल्यांदा कळते. त्यानंतर वळायची जागा ठरवणे, मग गाडी झटपट झुकवणे, हात सैल ठेवणे, आणि वळणाआधीच आतल्या बिंदूकडे पाहणे. एका वेळी एकच गोष्ट.

यातली झटपट झुकवण्याची गोष्ट अनुभवी रायडरांना सर्वांत जड जाते, आणि तिचाच फायदा सर्वांत मोठा आहे. बहुतेक जण गाडी हळूहळू झोपवतात, कारण तसे सुरक्षित वाटते. पण गाडी हळू झुकत असताना रस्ता संपत असतो. तेवढे अंतर भरून काढायला मग वळण लवकर सुरू करावे लागते. लवकर वळलेली गाडी आतल्या कडेला लवकर टेकते आणि निघताना बाहेर सरकते. मग शेवटी आणखी झुकवावे लागते, तेही सर्वांत वाईट जागी. डावे वळण असेल तर तेव्हा आपण समोरच्याच्या लेनमध्ये असतो, उजवे असेल तर दरीच्या कठड्याला लागलेले. हँडलवर आतल्या बाजूने ठाम दाब देऊन गाडी एकदाच, नेमक्या जागी झुकवली, तर त्याच वेगाला एकूण कोन कमी लागतो. डावीकडे जायला डावा हात पुढे ढकलायचा, उजवीकडे जायला उजवा. हे आपण सगळे नकळत करतोच. ते जाणून, मोजून, हवे तितके करता आले की घाटात अचानक समोर आलेला खड्डा किंवा म्हैसही टाळता येते.

इथे एक इशारा आवश्यक आहे. ट्रॅकवर शिकलेली प्रत्येक गोष्ट घाटात आणायची नाही. रेसची बाहेर-आत-बाहेर लाइन डांबराची पूर्ण रुंदी वापरते. आपल्याला मिळते ती अर्धीच. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजव्या वळणावर मधल्या पट्ट्याजवळ चाक ठेवून झुकलेल्या रायडरचे डोके पट्ट्याच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत असते. बाहेर पडण्याचा रस्ता दिसेपर्यंत डावीकडेच राहावे आणि उशिरा आत यावे. गुडघा टेकवणे हे तर घाटाचे काम नव्हेच. शिवाय ट्रॅकवर वळण पाठ झालेले असते, घाटात ते अनोळखी असते. रस्त्याच्या दोन कडा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू तुमच्याकडे सरकतोय की दूर पळतोय, यावरून वळण आवळते आहे की उघडते आहे हे ओळखायला ब्रिटिश पोलिसांचे ‘रोडक्राफ्ट’ शिकवते. ही विद्या ट्रॅकवर मिळत नाही, ती वेगळी कमवावी लागते.

ब्रेकबद्दल दोन घराणी आहेत आणि त्यांचे वाद पुष्कळ वर्षे चालू आहेत. कोड यांच्या शाळेत प्रवेशाचा वेग ठरवणे आणि थ्रॉटलवर गाडी सावरणे यावर भर. अमेरिकेतल्या यामाहा चॅम्पियन्स रायडिंग स्कूलच्या निक इनॅच यांच्या परंपरेत पुढचा ब्रेक हलका हलका करत वळणाच्या आतपर्यंत नेणे हा पाया. आमचे मत असे की आधी पहिले घराणे पक्के करावे, कारण थ्रॉटल आणि हात शांत नसतील तर झुकलेल्या गाडीवर ब्रेक धरणे धोक्याचे ठरते. पण त्यानंतर दुसरे नक्की शिकावे. आंबोलीत किंवा चोर्ल्यात धुके असताना वळण अपेक्षेपेक्षा आवळले, तर हाताशी थोडा ब्रेक शिल्लक असणे हीच खरी सोय. याच इनॅच यांनी १९९१ साली ‘मोटरसायकलिस्ट’ मासिकात ‘द पेस’ हा लेख लिहिला होता. सरळ रस्त्यावर संयम, कौशल्याचा आनंद वळणात, आणि मधला पट्टा कधीही ओलांडायचा नाही, असा त्याचा रोख. ग्रुप राइडची शिस्त म्हणून त्याहून नेमके काही आम्हाला आजवर सापडलेले नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचा आधार आता मोठा आहे. झुकलेल्या अवस्थेतही काम करणारी एबीएस प्रणाली बॉशने २०१३ मध्ये आणली आणि आज आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएमच्या ३९०वरही ती मिळते. ती जरूर घ्यावी. पण ती ब्रेकची चूक सावरते. चुकीच्या जागी वळलेली गाडी योग्य लाइनवर आणून देत नाही.

आता व्यवहाराचे. दोन-तीन दिवस, शाळेची फी, चामडी सूट, नवे टायर आणि चेन्नईपर्यंतचा प्रवास, हे स्वस्त नाही. पण अनेक वाचक एका एक्झॉस्टवर आणि क्रॅशगार्ड, लाइट, पेटाऱ्यांवर तेवढेच खर्च करतात, हे आम्ही मासिकाला येणाऱ्या पत्रांवरून सांगू शकतो. पुण्याच्या बाहेरून जाणारा एनएच ४८ कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत थेट श्रीपेरुंबुदुरजवळच्या त्या ट्रॅकपाशी जातो. गाडी चालवत न्यायची तर मधे मुक्काम करा आणि शाळेच्या आदल्या दिवशी पोचून झोपा. थकलेल्या माणसाला पहिले सत्र काहीच शिकवत नाही. गाडी मोठी हवी असेही नाही. दीडशे-दोनशे सीसीवर चुका लवकर दिसतात, कारण त्या लपवायला ताकद नसते.

राज्यातल्या क्लबांना एक थेट विनंती. देशातल्या दुचाकी उद्योगाचा मोठा भाग आपल्या चाकण-आकुर्डी पट्ट्यात आहे, पण सामान्य रायडरला सरावासाठी रेस सर्किट सहज मिळत नाही. त्याची वाट पाहत बसायची गरज नाही. रविवारी रिकामे असणारे एखादे मोठे पार्किंग किंवा कार्टिंग ट्रॅक भाड्याने घ्या, शंकू मांडा, ताशी तीस-चाळीसच्या वेगात एक गिअर ठेवून, ब्रेक न लावता फेऱ्या मारा. प्रशिक्षण घेतलेला एक रायडर बाहेर उभा करा आणि त्याने प्रत्येकाला फक्त एकच सुधारणा सांगायची. सुरुवात लीड आणि स्वीपपासून करा, कारण त्यांच्या मागे वीस जण चालतात आणि त्यांची लाइन उचलतात. पुढच्या वर्षीचे राइड-कॅलेंडर आखताना लोणावळ्याच्या चार नाश्ता-राइडपैकी एक कमी करून तो रविवार सरावाला द्या, आणि कोणत्या जागा मिळाल्या, परवानगीला काय अडचण आली ते आम्हाला कळवा. त्या जागांची यादी आम्ही दर महिन्याला छापू.