पाचगणीचा पियानोवादक आणि ‘क्वीन’चा गायक

१/ रॉक बँडविषयी एक लाडकी दंतकथा आहे : वादक जमतात, आवाजाचा शोध सुरू होतो आणि एके दिवशी दारात अवलिया गायक उभा राहतो. ‘क्वीन’चा इतिहास या दंतकथेला छेद देतो. त्या इतिहासाचे पहिले पान महाराष्ट्रातले आहे.

२/ फारोख बलसारा या पारशी मुलाचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. शिक्षणासाठी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले.

३/ या शाळेत पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड उभा केला. शाळेचे समारंभ हाच त्यांचा रंगमंच. मुख्य गायक होता ब्रूस मरे. फारोख पियानोवर बसे.

४/ हा त्याच्यावरचा अन्याय नव्हे. ती त्याची तालीम होती. साथ करणाऱ्याला गाणे आतून कळते. घाटंजीसारख्या गावांतील भजनी मंडळांना हे नवे नाही. तिथे वर्षानुवर्षे टाळ धरणाराच एके दिवशी पुढे बसून अभंग उचलतो.

५/ १९६४ च्या झांझिबार क्रांतीनंतर बलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात फारोखची मैत्री टिम स्टॅफेलशी झाली. स्टॅफेल १९६८ साली सुरू झालेल्या ‘स्माइल’ बँडचा गायक. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर.

६/ फारोख या मंडळींत वावरला, पण संधीची वाट पाहत हातावर हात ठेवून बसला नाही. १९६९ मध्ये तो ‘आयबेक्स’मध्ये गायला, त्यानंतर ‘सॉर मिल्क सी’मध्ये.

७/ १९७० मध्ये स्टॅफेलने ‘स्माइल’ सोडले. फारोख आला आणि ‘क्वीन’ हे नावही त्यानेच दिले. १९७१ मध्ये बेसवादक जॉन डीकन आला. पहिला अल्बम निघाला १९७३ मध्ये.

८/ म्हणून ‘क्वीनला गायक सापडला’ हे विधान अर्धसत्य ठरते. गायकानेही आपला बँड ओळखला होता. पाचगणीच्या पियानोपासून त्या जागेपर्यंत एक तपाचा प्रवास होता. त्यात साथ होती, मैत्री होती, फसलेले बँडही होते.

९/ दंतकथेचा तोटा असा की ती तरुणांना चमत्काराची वाट पाहायला लावते. गावोगावी आज जमणाऱ्या बँडनी आवाज बाहेर शोधण्यापूर्वी एकदा मागच्या रांगेकडे पाहावे. १९५८ च्या सुमारास पाचगणीत तसे पाहिले असते, तर कोण दिसले असते?