भिंतींची ओल आणि आमची उदासीनता

पावसाळ्यात भिंतींस ओल यावयाचीच, ही आमच्या नागरिकांची समजूत सर्वथा त्याज्य होय. ओल ही दैवगती नसून बहुधा बांधकामातील कुचराई असते. गच्चीचा ढाळ चुकला, पन्हळ तुंबली, किंवा जोत्यावर ओल अडविणारा थर घातला नाही, की पाणी भिंतीत शिरते. मग वरून कितीही रंग चढविला तरी रोग आतच राहतो. नव्या घरांविषयी कायदा स्पष्ट आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ अन्वये, ताब्यापासून ५ वर्षांच्या आत दाखविलेला बांधकामाचा दोष विकासकाने ३० दिवसांत विनामोबदला दूर केला पाहिजे. परंतु निजलेल्यांस कायदा जागवीत नाही. यास्तव डाग दिसताच रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी विकासकास लेखी कळवावे, आणि पोच जपून ठेवावी.